कुलूपबंद घराची घरपट्टी

जिंतूर-गंगाखेडकडची कितीतरी कुटुंबं कामासाठी पुण्यात स्थिरावली. गावातलं घर बंद असतं. राहतच नाही, मग घरपट्टी कशाची? कारण हा कर राहण्यावर नसून मालमत्तेवर आहे. ग्रामपंचायत तो १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४नुसार आकारते. 

डिसेंबर २०१५च्या सुधारित नियमांपासून आकारणी भांडवली मूल्यावर होते. क्षेत्रफळ, रेडीरेकनरचा दर, बांधकामाचा प्रकार, घसारा आणि वापर यांवरून मूल्य ठरतं; त्यावर हजारी दरानं कर. म्हणून जुन्या माळवदाच्या घराला नव्या स्लॅबच्या घराइतकी पट्टी येता कामा नये. दिवाबत्ती आणि पाणीपट्टी वेगळी.

तुलनेसाठी फ्रान्स पाहा: तिथं मालकाचा मालमत्ता कर आहेच. शिवाय राहण्यावरचा कर २०२३पासून मुख्य घराला माफ झाला, दुसऱ्या घराला मात्र राहिला. घरटंचाईच्या भागात त्यावर ६० टक्क्यांपर्यंत अधिभार लावता येतो. आपल्याकडे गावातल्या दुसऱ्या घरावर असा जादा भार नाही.

घरपट्टी आणि या इतर पट्ट्या हीच पंचायतीची स्वतःची मुख्य कमाई. ती थकली की गावाचे दिवे आणि नळ अडतात. दिवाळीला गावी गेलात की नमुना ८चा उतारा काढा, क्षेत्रफळ आणि बांधकामाचा प्रकार तपासा. चूक असेल तर पंचायत समितीकडे अपील करता येतं. आणि हा उतारा कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे.