वेगाची मालकी आणि रस्त्यावरचा हक्क

मुंबई-गोवा महामार्गावर महाड आणि पोलादपूर ही गावे अशा जागी वसली आहेत की, तेथून पुढे रस्त्याचा स्वभावच पालटतो. पोलादपूरहून एक वाट कशेडीमार्गे खेडकडे जाते, तर दुसरी आंबेनळी घाट चढून प्रतापगड-महाबळेश्वर गाठते. महाडहून वरंधा घाटाने भोरला जाता येते. मार्चच्या वीस तारखेला चवदार तळ्यावर येणारे, जूनमध्ये शिवराज्याभिषेकदिनी रायगडाकडे निघणारे आणि गणपतीला गावची वाट धरणारे चाकरमानी, या सर्वांत मोटारसायकलस्वारांचा भरणा मोठा असतो. त्यांतला एक वर्ग विशेष चिंतेचा आहे. तो म्हणजे ज्याच्या आयुष्यातली पहिलीच मोटारसायकल भारी ताकदीची आहे, असा तरुण.

हा तरुण एकाएकी कोठून आला, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल. १९८५ साली हीरो होंडाची शंभर सीसीची चार-स्ट्रोक गाडी बाजारात आली आणि त्यानंतरच्या पिढीने मोटारसायकलीकडे प्रामुख्याने काटकसरीचे वाहन म्हणून पाहिले. लिटरला किती किलोमीटर, हा तिचा पहिला प्रश्न असे. अशा गाडीची ताकद सात-आठ अश्वशक्तीची. आज पदवी घेऊन औद्योगिक वसाहतीत नोकरीस लागलेल्या मुलाला वीस, पंचवीस, प्रसंगी चाळीस अश्वशक्तीची गाडी मासिक हप्त्यावर मिळते. यात गैर काही नाही. कष्टाच्या पैशातून हौस करण्याचा अधिकार केवळ शहरी श्रीमंतांनाच असावा, असे कोणी म्हणू नये. परंतु येथे एक विसंगती आहे. कर्जामुळे पाच वर्षांनी परवडणारी वस्तू आज दारात येते. ती हाताळण्याचे कौशल्य मात्र कोणतीही पतपेढी आगाऊ देत नाही. ते सरावानेच, थोडेथोडे साठवावे लागते. ऐपत आणि कौशल्य यांच्यातली ही तफावत पहिल्या वर्षात सर्वाधिक असते आणि धोकाही नेमका तेथेच असतो.

आपला कायदा या तफावतीची दखल घेत नाही. वयाच्या अठराव्या वर्षी गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना एकदा हाती पडला की, शंभर सीसीची गाडी चालवा की हजार सीसीची, त्याला सर्व सारखेच. युरोपीय संघात २०१३ पासून याबाबत पायऱ्या आहेत. प्रथम १२५ सीसीपर्यंतची गाडी, मग ३५ किलोवॅटपर्यंतची, आणि मधल्या पायरीवर दोन वर्षे काढल्यावर किंवा वय बरेच वाढल्यावरच अमर्याद ताकदीची. जपानमध्येही ४०० सीसीच्या वरच्या गाडीसाठी वेगळा परवाना लागतो. आपल्याकडे परवाना देणाऱ्या यंत्रणेने जो भेद केला नाही, तो विम्याच्या दरपत्रकाने मात्र केला आहे. २०२२ साली केंद्र सरकारने ठरवलेल्या दरांनुसार त्रयस्थ व्यक्तीच्या विम्याचा वार्षिक हप्ता ७५ ते १५० सीसीच्या गाडीला ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीच्या गाडीला १,३६६ रुपये आणि त्यावरील गाडीला २,८०४ रुपये असा आहे. हा हप्ता गाडीच्या किमतीचा नव्हे. त्या गाडीमुळे इतरांना होऊ शकणाऱ्या इजेचा आहे. दरपत्रकातली ही चौपट वाढ नव्या मालकाने गाडीच्या रंगाइतक्याच आस्थेने वाचावी.

आता वेगाचे गणित पाहू. समोर अडथळा दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत सर्वसाधारण माणसाचा दीड सेकंद जातो, असे धरू. ताशी ४० किलोमीटर वेगाने कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक लावले, तर गाडी सुमारे २५ मीटरांत थांबते. ताशी ८० वेगाने तेच अंतर ७० मीटरांच्या आसपास जाते. म्हणजे वेग दुप्पट केला तर थांबण्याचे अंतर पावणेतीन पट होते. पावसात रस्त्याची पकड निम्म्यावर आली, तर ते शंभर मीटरांच्याही पुढे जाते. आंबेनळीच्या अनेक वळणांवर पुढचा रस्ता तीस-चाळीस मीटरही दिसत नाही. आषाढातल्या धुक्यात तर तेवढाही नाही. थांबण्यास जेवढी जागा लागते तेवढा रस्ता नजरेत नसेल, तर स्वार नशिबावर गाडी हाकतो आहे, असे म्हणणे वावगे ठरू नये. २८ जुलै २०१८ रोजी याच घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली आणि तिच्यातला केवळ एक जण वाचला. बस व मोटारसायकल यांची तुलना येथे करावयाची नाही. परंतु दरीच्या काठाने जाणारा हा रस्ता किती थोडी चूक पोटात घालतो, याचे स्मरण राहावे.

म्हणून नव्या मालकाने स्वतःपुरती एक शिस्त आखून घ्यावी. पहिले हजार किलोमीटर दिवसाउजेडी, कोरड्या रस्त्यावर आणि एकट्यानेच चालवावेत. मागे माणूस बसला की गाडीचा तोल आणि थांबण्याचे अंतर, दोन्ही बदलतात. नव्या टायरचा पृष्ठभाग आरंभी गुळगुळीत असतो, तेव्हा पहिल्या दिवसांत गाडी फार कलवू नये. मोकळ्या मैदानात पुढचा व मागचा ब्रेक एकत्र, क्रमाक्रमाने दाबत थांबण्याचा सराव करावा, कारण थांबवण्याची बहुतांश शक्ती पुढच्या चाकात असते आणि नवशिका नेमका त्यालाच भितो. वेग वळणाआधी कमी करावा, वळणात नव्हे. नजर दरीकडे न ठेवता वळण जेथे सुटते तेथे ठेवावी. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाला तिला आवरू द्यावे. अरुंद चढावर वर येणाऱ्या वाहनास आधी वाट द्यावी. १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना २०१९ पासून सक्तीचे झालेले एबीएस ब्रेक चाक जखडू देत नाहीत, हे खरे. परंतु वळणात अतिवेगाने शिरलेली गाडी रस्त्यावर राखणे हे त्यांच्या आवाक्यातले नव्हे.

हेल्मेटविषयी तर वाद उरलेलाच नाही. जगभरच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष असे आहेत की, हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची ६९ टक्क्यांनी घटते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. हे आकडे वाचताना एक गोष्ट विसरू नये. या भागातल्या घरांत कमावता मुलगा हीच बहुधा घराची एकमेव ठेव असते. तो गेला वा कायमचा जायबंदी झाला की गाडीचा हप्ता, बहिणीचे शिक्षण आणि बापाचे औषधपाणी यांचा भार एकाच वेळी उघड्यावर पडतो. लाखो रुपयांच्या गाडीसोबत दोन-तीन हजारांचे प्रमाणित हेल्मेट आणि मालकाच्या स्वतःच्या अपघाती विम्याचा हप्ता, हा खर्च वाचवणे म्हणजे दिवाळखोरीला आमंत्रण होय.

तथापि, हा प्रश्न केवळ स्वाराच्या जिवाचा नाही, आणि येथे महाडचे नाव केवळ भूगोलापुरते राहत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही तो हक्क कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले, तेव्हा त्यांनी जगाला दाखवून दिले की, सार्वजनिक वस्तू सर्वांची आहे असे नुसते लिहून भागत नाही; दुर्बलातल्या दुर्बलाला ती निर्भयपणे वापरता आली पाहिजे. त्या लढ्यामागे शतकानुशतकांचा अन्याय होता आणि त्याच्याशी रस्त्याच्या प्रश्नाची बरोबरी करणे धाडसाचे होईल. तरीही सार्वजनिकतेची ती कसोटी रस्त्यालाही लागू पडते. महामार्गाच्या कडेने शाळेला जाणारी मुलगी, डोक्यावर मोळी घेऊन रस्ता ओलांडणारी बाई, काठी टेकत एस.टी.च्या थांब्याकडे निघालेला म्हातारा, यांचा रस्त्यावरचा हक्क चाळीस अश्वशक्तीच्या गाडीवाल्याइतकाच आहे. ज्याच्या वेगामुळे त्यांना जीव मुठीत धरून चालावे लागते, तो त्यांच्या वाट्याचा रस्ता बळकावत असतो.

यास्तव दोन गोष्टी व्हाव्यात. शासनाने गाडीच्या ताकदीनुसार पायऱ्यांचा परवाना आणावा आणि मधल्या काळात विक्रेत्यांवर गाडी हाती देताना निदान अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणाचे बंधन घालावे. दुसरी गोष्ट घराघरांतली आहे. मुलाच्या हट्टापुढे मान तुकवून कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून सही करणाऱ्या वडिलांनी त्याच बैठकीत पहिल्या वर्षाच्या अटीही ठरवून घ्याव्यात. दीड लाखाला जामीन राहणाऱ्याला एवढा अधिकार निश्चितच आहे.