टक्के किती, की अडतंय कुठे?

पीएचडीला लागण्याआधी मी उस्मानपुऱ्यात दहावीच्या मुलांची शिकवणी घ्यायचे. २०१९ ची गोष्ट. एक मुलगा होता. भूमितीचं प्रमेय तोंडी विचारलं की न अडखळता सांगायचा, पण लिहायला बसला की बोटं आखडायची. एक पान भरायला पाऊण तास. त्याच्या आईने शाळेत जादा वेळ मागितला, तर उत्तर आलं, "४० टक्क्यांचं सर्टिफिकेट आणा." तपासणीत टक्के कमी भरले आणि विषय तिथेच संपला. मीसुद्धा त्याच्या आईला म्हणाले, "नियमच आहे ना, काय करणार."

नियम तसा नव्हता. हे मला कळलं ते पुढे, दिव्यांग विद्यार्थ्यांचे खटले आणि ते लढणारे वकील हा विषय संशोधनाला घेतल्यावर. आज त्यातला एवढा एकच धागा उलगडते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. अंमल १९ एप्रिल २०१७ पासून. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, नव्यात २१ झाले. पण खरा फरक व्याख्येत आहे. कलम २ मध्ये दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्यात. एक, दिव्यांग व्यक्ती: जिच्या शरीरात किंवा मनात दीर्घकाळ टिकणारी उणीव आहे आणि भोवतालच्या अडथळ्यांमुळे जिला इतरांसारखा सहभाग घेता येत नाही. इथे टक्क्यांचा उल्लेखच नाही. दुसरी, लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती. ४० टक्के येतात ते इथे.

मग कोणता हक्क कोणाला? उच्च शिक्षणातलं किमान ५ टक्के आरक्षण (कलम ३२) किंवा ६ ते १८ वयापर्यंतचं मोफत शिक्षण (कलम ३१), यांना ४० टक्क्यांची अट आहे. जागा आणि पैसा मर्यादित असतो, म्हणून कुठेतरी रेघ ओढली, असं समजू. पण परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं कलम १७ मध्ये येतं आणि तिथे शब्द आहे नुसता 'दिव्यांग विद्यार्थी'. कलम १६ तर सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या संस्थांकडून प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय अपेक्षित धरतं. म्हणजे आरक्षणाची चाळणी आपण जादा वेळेला लावत होतो.

हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने निस्तरला तो ११ फेब्रुवारी २०२१ ला, विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या निकालात. उमेदवाराला 'रायटर्स क्रॅम्प' होता, लिहिताना हात आखडण्याचा विकार. लक्षणीय दिव्यांगत्वात बसत नाही म्हणून लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने सांगितलं की लेखनिकाची सोय फक्त ४० टक्केवाल्यांपुरती ठेवता येणार नाही. त्यातूनच १० ऑगस्ट २०२२ ला केंद्राने ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहिताना अडचण येणाऱ्यांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. ३ तासांच्या पेपरला १ तास जादा, म्हणजे तासाला किमान २० मिनिटं, त्यांनाही.

आता वकिलांकडे येऊ. माझं निरीक्षण असं की या क्षेत्रात बदल घडवणारे बरेच जण आधी स्वतः अडलेले आहेत. १९९३ मध्ये अंध उमेदवारांना नागरी सेवा परीक्षा ब्रेलमध्ये किंवा लेखनिकाच्या मदतीने देऊ द्या, असा निकाल आला. तो लढवणारे एस. के. रुंगटा स्वतः अंध वकील. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे नागपूरचे राहुल बजाज (उद्योगपती नव्हेत, हे वेगळे). जन्मापासून अंध. नागपूर विद्यापीठातून कायदा, मग रोड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड, न्या. धनंजय चंद्रचूड यांच्याकडे लॉ क्लार्क, आणि आता वकिलीबरोबर कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवणं. 'मिशन अॅक्सेसिबिलिटी' ही संस्था त्यांनी ज्यांच्यासोबत उभी केली ते अमर जैन, तेही अंध वकील. केवायसी करताना 'डोळे मिचकावा' म्हणणारं अॅप अंध माणसाने कसं वापरायचं, हा प्रश्न जैन यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला.

शिक्षकही यात मागे नाहीत. विशेष शिक्षकांच्या याचिकेवर (रजनीश कुमार पांडे खटला, ऑक्टोबर २०२१) प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे १ आणि त्यापुढे १५ मुलांमागे १ विशेष शिक्षक, हे प्रमाण ठरलं. राज्यांनी पदं जाहीर करावीत म्हणून मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावे लागले, यावरून अंमलबजावणीची गती कळते.

या सगळ्यांत मला एक साम्य दिसतं. डॉक्टर विचारतो, किती टक्के? शाळा विचारते, कागद कुठाय? चांगला शिक्षक विचारतो, तुझं अडतंय कुठे? 'वाजवी सोय' हा जडजंबाल शब्द म्हणजे हा तिसरा प्रश्न कायद्याच्या भाषेत. प्रत्येकाचं उत्तर वेगळं, म्हणून कायद्याने यादी बंद केलेली नाही.

पण हक्क वेळेत मिळाला तरच उपयोग. २०२१ च्या नीट परीक्षेत मुंबईच्या एका केंद्रावर डिसग्राफिया असलेल्या विद्यार्थिनीला जादा तास दिलाच नाही. अन्याय झाला, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. तरी फेरपरीक्षा दिली नाही, परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला भरपाईचा मार्ग शोधायला सांगितलं. गेलेला तास कोणतंच न्यायालय परत आणू शकत नाही.

म्हणून पालकांना आणि शिक्षकमित्रांना एवढंच सांगेन. अर्ज परीक्षेच्या तोंडावर नको, वर्षाच्या सुरुवातीला द्या. त्यात टक्क्यांच्या आधी अडचण लिहा: एक पान लिहायला किती वेळ लागतो, काय दिलं तर जमेल. लिहिण्यातल्या अडचणीचं सरकारी वैद्यकीय प्रमाणपत्र घ्या, कलम १६ आणि १७ चा उल्लेख करा, आणि पोच घ्यायला विसरू नका. नकार आला तर तो लेखी मागा, कारण पुढे दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे किंवा खंडपीठात जायचं तर तोच कागद लागतो.

त्या मुलाने पेपर अर्धा कोरा ठेवला, तेव्हा हा कायदा लागू होऊन दोन वर्षं झाली होती. तो उघडून वाचायला मला फार तर एक संध्याकाळ लागली असती.