चूक इंग्रजीची, वळण मराठीचे

वसई : ‘व्हेअर यू आर गोइंग?’ असे वाक्य विरार लोकलमध्ये किंवा महाविद्यालयाच्या आवारात कानी पडले की ऐकणारा हसतो आणि बोलणारा पुन्हा तोंड उघडीत नाही. नोकरीच्या मुलाखतीत तर अशा एका वाक्याने उमेदवाराचा धीर खचतो. वास्तविक हे वाक्य निव्वळ अज्ञानातून आलेले नसते. ‘तुम्ही जात आहात’ या विधानात ‘कुठे’ घातले की मराठीत प्रश्न तयार होतो. इतर शब्दांना जागा सोडावी लागत नाही. इंग्रजीत मात्र ‘आर’ला ‘यू’च्या आधी यावे लागते. बोलणाऱ्याने नियम पाळलेला असतो, पण तो मराठीचा.

शब्दक्रम हा या दोन भाषांतील सर्वांत मोठा भेद. ‘रामाने रावणाला मारले’ म्हणा वा ‘रावणाला रामाने मारले’ म्हणा, मरतो तो रावणच. कारण ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय प्रत्येकाची भूमिका सांगतात. इंग्रजी नामांना असे प्रत्यय नाहीत. तेथे शब्दाचे स्थानच प्रत्ययाचे काम करते. ‘राम किल्ड रावण’ या वाक्यातील नावांची अदलाबदल केली की रामायणच उलटते! त्यामुळे लांबलचक इंग्रजी वाक्य समोर आले, तर प्रथम कर्ता आणि त्याच्या मागोमाग येणारे मुख्य क्रियापद हुडकावे. मराठी वाचकाची नजर सवयीने क्रियापदासाठी वाक्याच्या शेवटाकडे धावते आणि तेथेच घोटाळा होतो. ‘मला भूक लागली’ या वाक्यात कर्ता भूक आहे. इंग्रजीत भुकेला माणूसच कर्ता होतो.

शब्दार्थांचे तर वेगळेच. ‘लावणे’ हे साधे क्रियापद घ्या. पंखा लावला की तो सुरू होतो, दार लावले की ते बंद होते. शिवाय झाड लावतात, तेल लावतात, नंबरही लावतात. या प्रत्येकाला इंग्रजीत निराळे क्रियापद लागते. म्हणून एकेक शब्दार्थ घोकण्यापेक्षा शब्द ज्या सोबत्यांसह येतो, त्यांच्यासह पाठ करणे केव्हाही श्रेयस्कर.

वसई तालुक्यातील तर्खड गावाचे नाव आडनावात बाळगणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४-१८८२) याच वाटेने उलट दिशेने गेले. १८३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी व्याकरणासाठी त्यांनी इंग्रजी व्याकरणाची मांडणी समोर ठेवली. त्यांचे बंधू भास्कर पांडुरंग यांनी १८४१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये टोपणनावाने इंग्रजी राजवटीवर टीका करणारी पत्रे लिहिली, तीही इंग्रजीतच.

राज्यात २००० सालापासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी आली. पूर्वी ती पाचवीपासून असे. मराठीच्या तासाला विभक्ती आणि इंग्रजीच्या तासाला ‘प्रिपोझिशन’ शिकवताना दोहोंचे काम पुष्कळ अंशी एकच आहे, हे सांगितले तर मुलांचा भार हलका होईल. ‘शाळेत’ मधला ‘त’ नामाच्या शेवटी जोडला जातो, ‘इन’ नामाच्या आधी उभा राहतो. अडचण येते ती ‘वर’ची. पुस्तक टेबलावर असले तर ‘ऑन’, प्रवासी वसई स्थानकावर थांबला तर ‘ॲट’ आणि डोक्यावर पंखा फिरत असला तर ‘ओव्हर’.