हॉर्न वाजतच राहिला तर काय करावे?



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या रस्त्यांना रात्र अशी उरत नाही. उसाने भरलेले ट्रॅक्टर, ट्रक, टायरगाड्या, मुकादमाची जीप, गट कार्यालयाच्या मोटारसायकली, सगळ्यांची ये-जा अखंड चालू असते. या धावपळीत चाक पंक्चर झाले, डिझेलमध्ये हवा धरली, तर काय करायचे हे आपल्या पोरांनाही ठाऊक असते. पण एक बिघाड असा आहे की तो झाला म्हणजे भलेभले गडबडून जातात. तो म्हणजे हॉर्न अडकणे. बटणावर कुणाचा हात नाही, चावी काढून खिशात घातली आहे, आणि हॉर्न मात्र बोंब ठोकतोच आहे!

दिवसा बाजारात असे झाले तर लोक हसतात. पण रात्री कारखान्याच्या यार्डात झाले तर ती हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. जवळ बांधलेले बैल बुजतात, दावी तोडू पाहतात. गाड्यांच्या आडोशाला तोडणी कामगारांची लेकरे झोपलेली असतात. अशा वेळी घाईघाईने कुणी पकडीने वायर तोडतो, कुणी सरळ हॉर्नच उपटून टाकतो. आवाज बंद होतो खरा, पण दुखणे आतच राहते. ते शोधायचे कसे, हे सभासदांना आणि त्यांच्या ड्रायव्हर मंडळींना सोप्या भाषेत सांगावे, म्हणून हा लेख.

आधी आवाज बंद, मग शोध

पहिले काम म्हणजे इंजिन बंद करणे. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढू नये. डायनामो-अल्टरनेटरचा दाब एकदम वाढून गाडीतली नाजूक उपकरणे जळू शकतात. इंजिन बंद केल्यावर बॅटरीचे मायनस टोक, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर, सैल करून बाजूला घ्यावी. दहा नाहीतर तेरा नंबरचा पाना बहुतेक ठिकाणी चालतो.

आधी मायनसच का? अहो, प्लसचे टोक सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघत असतो, आणि मागे ट्रॉलीत वाळलेले पाचट असते. तेव्हा काढताना मायनस आधी, बसवताना मायनस शेवटी, हा नियम पाठच करावा. आणि हे करताना तोंडात विडी नको.

बॅटरीपर्यंत हात पोचत नसेल तर फ्यूजच्या डब्यातला हॉर्नचा फ्यूज किंवा रिले उपसून काढावा. वायर तोडणे हा उपाय नव्हे. तोडलेले टोक मोकळे लोंबत राहिले तर तेच पुढे बॉडीला टेकून नवे संकट उभे करते.

हॉर्न वाजतो कसा?

हॉर्नच्या पोटात तांब्याच्या तारेची गुंडाळी असते आणि तिच्यासमोर पातळ पोलादी पडदा. वीज आली की गुंडाळीचे लोहचुंबक होते आणि पडदा ओढला जातो. पडदा ओढला गेला की आतला पॉइंट उघडतो, वीज तुटते, पडदा मागे येतो, पॉइंट पुन्हा जुळतो. हे एका सेकंदात साधारण चारशे वेळा होते. तोच आपण ऐकतो तो आवाज.

ही वीज स्टिअरिंगवरच्या लहानशा बटणातून थेट नेली तर बटण लवकर जळेल. म्हणून मध्ये रिले बसवतात. रिले म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे शिकवायला नको. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर आठवा. आपण बोटाने बटण दाबतो, आतली कॉइल ओढते, आणि मोटारीचा मोठा प्रवाह सुरू होतो. गाडीतला रिले म्हणजे तोच स्टार्टर, काडेपेटीपेक्षाही लहान केलेला. बहुतेक रिलेच्या पायांवर आकडे छापलेले असतात. ३० वर बॅटरीची वीज येते, ८७ वरून ती हॉर्नकडे जाते, आणि ८५ व ८६ ही आतल्या लहान कॉइलची दोन टोके. त्यांतल्या एका टोकाला वीज असते, दुसऱ्या टोकाची वायर हॉर्नच्या बटणाकडे जाते. बटण दाबले म्हणजे ही वायर बॉडीला जोडली जाते, कॉइल ओढते आणि हॉर्न वाजतो.

आता मर्म इथे आहे. ती बटणाची वायर बटणावाचूनच कुठे बॉडीला टेकली, तर रिलेला वाटते की मालकाने बटण दाबले आहे! तो बिचारा इमानाने हॉर्न वाजवीत राहतो. म्हणून पुष्कळदा हॉर्न निर्दोष असतो, रिलेही निर्दोष असतो, आणि गुन्हेगार असते ती कुठेतरी सोललेली वीतभर वायर.

मग फ्यूज का उडत नाही?

हा प्रश्न आम्हाला अनेकांनी विचारला आहे. वायर बॉडीला लागली म्हणजे शॉर्ट झाले, मग फ्यूज जायला नको का? उत्तर असे की फ्यूज फक्त वीज किती वाहते ते पाहतो, किती वेळ वाहते ते पाहत नाही. दोन हॉर्न मिळून साधारण ८ ते १० अॅम्पिअर वीज घेतात, आणि फ्यूज बहुधा १५ किंवा २० अॅम्पिअरचा असतो. वायर टेकली ती कॉइलच्या पलीकडे, त्यामुळे तिच्यातून जादा वीज वाहतच नाही. फ्यूजच्या लेखी सारे काही ठीक चाललेले असते.

ठीक नसते ते हॉर्नचे. हॉर्न थोडा वेळ वाजण्यासाठी बनवलेला असतो. तो एकसारखा वाजला तर गुंडाळी तापते, पॉइंट जळतात. ७५ अॅम्पिअर-तासांची बॅटरी हिशोबाने आठ-नऊ तास पुरेल, पण एवढ्या वेळात हॉर्न जिवंत राहणे कठीण. आणि कुणी फ्यूजच्या जागी तार गुंडाळून ठेवली असेल, तर हॉर्नऐवजी वायरिंगच पेटेल. उसाच्या खेपेवर असताना हा खेळ करू नये.

बारे अर्ध्यावर अडवा

पाटाचे पाणी भलत्याच वाफ्यात शिरायला लागले तर आपण काय करतो? सगळा पाट उकरत बसत नाही. मध्यावर दार लावतो आणि पाहतो. पाणी थांबले तर फूट दाराच्या खाली आहे, नाही थांबले तर वर. हॉर्नचा शोधही असाच करावा. रिले हे त्या पाटाचे मधले दार समजा.

पहिली चाचणी. बॅटरी काढलेली असताना रिले उपसून बाजूला ठेवा, मग बॅटरी जोडा. रिले नसतानाही हॉर्न वाजू लागला, तर रिलेपासून हॉर्नपर्यंतच्या वायरला दुसऱ्या एखाद्या वायरची वीज लागते आहे. तो तुकडा तपासा. हॉर्न गप्प राहिला, तर दोष रिलेत किंवा बटणाच्या बाजूला.

दुसरी चाचणी. त्याच नंबरचा दुसरा चांगला रिले लावून पाहा. हॉर्न गप्प राहिला, तर जुन्या रिलेचे पॉइंट चिकटले होते. नवा रिले घाला. पुन्हा वाजू लागला, तर रिलेला दोष देऊ नका, पुढे चला.

तिसरी चाचणी. स्टिअरिंगच्या बुडाशी हॉर्नच्या वायरचा जोड असतो, तो सोडवा. हॉर्न थांबला, तर बटण अडकले आहे किंवा स्टिअरिंगच्या दांड्यातली वायर घासली आहे. नाही थांबला, तर त्या जोडापासून रिलेपर्यंतची वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे.

दुसरा रिले हाताशी नसेल तर टेस्ट लॅम्प वापरा. इंडिकेटरचा बल्ब आणि दोन वायरी एवढ्यावर तो घरी होतो. बल्ब मात्र गाडीच्या बॅटरीच्या व्होल्टचा हवा, ट्रकला २४, ट्रॅक्टर-जीपला १२. एक टोक बॅटरीच्या प्लसला लावा, दुसरे रिलेच्या बैठकीत बटणाच्या वायरच्या घराला. बटण न दाबता बल्ब लागला, तर वायर बॉडीला लागलेली आहे. बटण दाबल्यावरच लागला आणि सोडल्यावर विझला, तर बटणाची बाजू साफ, रिले बदला. बल्ब लागलेला असताना स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवून पाहा. तो लुकलुकला तर दुखणे स्टिअरिंगच्या दांड्यातच आहे.

जुन्या ट्रॅक्टरांत बऱ्याचदा रिले नसतोच. हॉर्नच्या एका टोकाला वीज असते आणि दुसऱ्या टोकाची वायर बटणाकडे जाते. तिथे बटणाखालची वायर सोडवा. आवाज थांबला तर बटण बाद, चालूच राहिला तर वायरचा माग काढा.

यार्डातला एक अनुभव

एका हंगामात थंडीच्या दिवसांत रात्री काट्याजवळच्या रांगेत एका ट्रॅक्टरचा हॉर्न सुरू झाला, तो थांबेना. ड्रायव्हरने शहाणपणाने बॅटरी सोडवली. भोवती जमलेल्यांत एकमत झाले की हॉर्नच खराब झाला, सकाळी नवा घाला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच! नवा हॉर्न घातला असता तर तोही तसाच ओरडला असता.

आम्ही वरच्या क्रमाने पाहायला सांगितले. रिले काढला, शांत. दुसरा रिले लावला, पुन्हा बोंब. स्टिअरिंगखालचा जोड सोडवला, तरी बोंब चालूच. म्हणजे दोष मधल्या हातभर वायरीत. डॅशबोर्डखाली बॅटरी धरून पाहिले, तर गाण्याचा साऊंड बसवताना मारलेला एक स्क्रू हॉर्नच्या वायरीतून गेलेला. एरवी जेमतेम अंतर राखून होता. त्या दिवशी शेतातल्या बांधावरून खेप काढताना हादरा बसला आणि टेकला. स्क्रू काढला, वायरला चिकटपट्टी गुंडाळून वर नळी चढवली, साऊंडची पट्टी दुसरीकडे बसवली. काम पंधरा मिनिटांत झाले.

कुठे कुठे पाहावे?

वर सांगितलेला स्क्रू हे एक कारण झाले. जादा दिवे, साऊंड, रोषणाईच्या माळा यांसाठी जागा मिळेल तिथे जोडलेल्या वायरी हे आपल्या भागातले मोठे दुखणे आहे. दुसरे उंदरांचे. ऊस तुटला की फडातले उंदीर आसरा शोधतात, आणि शेडमधल्या गाडीचे उबदार बॉनेट त्यांना फार आवडते. सोललेली वायर त्यांचीच करणी असू शकते. तिसरे पाण्याचे. दाबाच्या पाण्याने गाडी धुतल्यावर किंवा अवकाळी पावसानंतर हॉर्न आपोआप वाजला, तर जोडात आणि रिलेच्या बैठकीत ओल आहे. वाळवून, हिरवट गंज खरवडून मग बसवावे. चौथे थंडीचे. काही मोटारींत स्टिअरिंगवरचे प्लॅस्टिक पहाटेच्या गारठ्यात आकसते आणि बटण आपोआप टेकते. उन्हे वर आली की आवाज बंद! याला कुणी भुताटकी समजू नये.

जीप-मोटारीचा हॉर्न थांबून-थांबून वाजत असेल आणि सोबत इंडिकेटरही लुकलुकत असतील, तर तो बहुधा चोरीची घंटा आहे, बिघाड नव्हे. चावीवरच्या बटणाने दार उघडून पाहावे.

एक गोष्ट बजावून सांगतो. ज्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे, तिचे बटण घरी उघडू नका. ती पिशवी स्फोटक कांडीने फुगते. तोंडावर फुटली तर जन्माची अद्दल घडेल. रिलेपर्यंतच्या चाचण्या करा आणि पुढचे जाणत्या कारागिराकडे सोपवा.

ट्रकच्या प्रेशर हॉर्नचे वेगळे. तिथे वीज फक्त हवेची झडप उघडते. झडपेत कचरा अडकला तर वीज तोडूनही हॉर्न वाजत राहतो. ही हवा ब्रेकच्या टाकीवरून परस्पर घेतलेली असेल, तर हॉर्नबरोबर ब्रेकची हवाही जाते. हवेचा काटा पाहिल्याशिवाय गाडी हलवू नये. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ प्रमाणे वेगवेगळे सूर काढणारे आणि कर्कश हॉर्न लावायला मनाई आहे, हेही लक्षात ठेवावे.

मुका हॉर्न नको

आता शेवटचे आणि महत्त्वाचे. हॉर्न अडकला की वायर काढून ठेवायची आणि "हंगाम संपल्यावर बघू" म्हणायचे, ही आपल्याकडची रीत आहे. वाजणाऱ्या हॉर्नने झोपमोड होते, पण मुक्या हॉर्नने जीव जाऊ शकतो. दोन ट्रॉल्या भरल्या की ट्रॅक्टरवाल्याला मागचे काही दिसत नाही. यार्डात गाडी मागे घेताना, गव्हाणीकडे वळताना, अंधारात पाचटावर निजलेल्या माणसाला उठवायला हॉर्नशिवाय दुसरे काय आहे? तेव्हा हॉर्न बंद केला असेल तर तो दुरुस्त झाल्याखेरीज पुढची खेप भरू नये. तोवर गाडी मागे घ्यावी लागलीच, तर एक माणूस खाली उभा करून त्याच्या इशाऱ्यावरच घ्यावी.

प्रत्येक वाहनात एक दहाचा व एक तेराचा पाना, टेस्ट लॅम्प, चिकटपट्टी, योग्य अॅम्पिअरचे चार फ्यूज आणि एक जादा रिले एवढे ठेवावे. सारे मिळून एका लहान डब्यात मावते. आपल्या ड्रायव्हरला हा लेख वाचून दाखवावा, आणि रिले गाडीत कुठे बसवला आहे ते दिवसाउजेडीच त्याच्या हाताने काढायला लावून दाखवून ठेवावे. रात्री दोन वाजता, बैल बुजलेले असताना, तो शोधायची वेळ येऊ नये.