टोक नसलेला चाकू

कोल्हापुरातून गारगोटी रस्त्याला लागलं की कळंबा येतं. नाव काढताच कुणाला तलाव आठवतो, कुणाला मध्यवर्ती कारागृह; त्यामुळे इथल्या माणसाने खिशात चाकू ठेवावा असं म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या भुवया वर जाणारच. पण गरज खोटी नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९च्या ऑगस्टमध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली आणि २०२१च्या जुलैतही तिने तो आकडा ओलांडला. अशा वेळी एनडीआरएफची तुकडी पोहोचेपर्यंतचे पहिले काही तास गावातली माणसंच धावतात, आणि त्यांच्या हाती लागेल ते हत्यार चालतं. ते कसं असावं याचा विचार आधी केलेला बरा. दुकानात गिऱ्हाईक आधी धार पाहतं आणि मग टोक किती अणकुचीदार आहे ते पाहतं. बचावाच्या चाकूचं निम्मं काम मात्र टोक नसण्यात आहे.

पाणी चढत असलेला गोठा डोळ्यांसमोर आणा. बिथरलेल्या म्हशीने हिसके देऊन देऊन दाव्याची गाठ आवळून टाकलेली असते. नायलॉनचं दावं असेल तर ती गाठ ओल्या बोटांनी सुटत नाही. माणूस छातीभर पाण्यात, एक हात दाव्याला, दुसऱ्या हातात चाकू, आणि जनावर मान झटकतंय. टोकदार पातं इथे तिच्या डोळ्यात किंवा त्याच्याच मनगटात जायला क्षणही लागत नाही. तीच गत हवेच्या रबरी होडीत. सुटका करायला आलेल्या माणसाने दोर कापता कापता होडीलाच भोक पाडलं तर काय घ्या! मोटारीत सीटबेल्ट छातीवर ताणून बसलेला असतो आणि पातं त्याच्या नि बरगडीच्या मधून सरकवावं लागतं. म्हणून बचावासाठी घडवलेल्या चाकूंचं पातं पुढे बोथट, खाली वळवल्यासारखं असतं, आणि धारेचा काही भाग दातेरी ठेवतात. ओला दोर किंवा पट्ट्याचं विणलेलं कापड यांवरून गुळगुळीत धार घसरते, दाते मात्र धागा पकडतात. काही चाकूंच्या मुठीला आकडीसारखा कटर असतो. त्याची धार खाचेच्या आत असल्याने कातडीला लागत नाही. फक्त पट्टा कापायचा असेल तर माझं मत या कटरलाच.

घरात विळा-कोयता असताना हे लाड कशाला, असं कुणी विचारेल. कोयता उसासाठी उत्तम, पण तो घडी होत नाही, उघडा घेऊन पोहता येत नाही, आणि माणसाच्या गळ्याशी चालवण्याइतका आवरतही नाही. टोक नाही म्हणून रोजच्या वापरात अडतं, ही तक्रारही फारशी टिकत नाही. सुतळी, खोकी, खताची पोती, फळं यांना टोक लागतच नाही; लागतं ते भोसकायला. खटका मात्र पारखून घ्यावा. पातं उघडल्यावर ते न हलता बसलं पाहिजे, एका हाताने उघडता-मिटता आलं पाहिजे, आणि मूठ आतून धुता येण्याजोगी हवी, कारण खटक्याच्या खाचेत पुराचा गाळ बसला की तो अर्धवटच लागतो. मूठ भगव्या किंवा पिवळ्या रंगाची घ्यावी. काळी मूठ गढूळ पाण्यात पडली की गेलीच.

मुठीच्या तळाशी काच फोडायची कठीण धातूची अणी असते, आणि बरेचजण तिच्याच भरवशावर चाकू घेतात. २६ जानेवारी २०१८च्या रात्री शिवाजी पुलावरून मिनीबस पंचगंगेत कोसळून १३ जणांचा जीव गेला. त्यांच्यापैकी कुणाकडे काय असतं तर कोण वाचलं असतं, असा हिशोब मांडणं अप्रशस्त आहे. काचेचा प्रश्न मात्र उरतोच. अमेरिकेतल्या ‘एएए’ या वाहनधारकांच्या संस्थेने २०१९मध्ये अशी सहा साधनं तपासली. साधी टेम्पर्ड काच त्यांपैकी चारांनी फोडली. थरांची लॅमिनेटेड काच एकालाही भेदता आली नाही. पुढची काच लॅमिनेटेडच असते आणि आता काही गाड्यांच्या बाजूच्या काचाही तशा येतात. काचेच्या कोपऱ्यातल्या छापावर कोणती काच आहे ते लिहिलेलं असतं. ते आजच वाचून ठेवावं. पाण्याखाली हात जोराने फिरत नाही, म्हणून ठोकायच्या अणीपेक्षा दाबताच उसळणारं स्प्रिंगचं साधन जास्त भरवशाचं.

कायद्याचा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे आणि बचावाचा चाकू जेमतेम ३ इंचांचा असतो. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सण, मोर्चे किंवा निवडणुकांच्या काळात मनाई आदेश निघतो, आणि त्यात चाकूच काय, लाठी-काठीही येते. शिवाय बटण दाबताच पातं बाहेर फेकणारा चाकू पाहून पोलिसाला बचावकार्य आठवेल, अशी अपेक्षा कुणी करू नये. म्हणून रोज खिशात बाळगायला नुसता आकडीचा कटर पुरे. चाकू पुराच्या दिवसांत बचाव पथकाच्या साहित्यात राहू द्यावा. गाडीतला कटर डिकीत किंवा डॅशबोर्डच्या खणात न टाकता, पट्टा बांधून बसल्या जागी दोन्ही हातांना पोहोचेल असा अडकवावा, आणि भंगारातून जुन्या सीटबेल्टचा तुकडा आणून तो ताणून, तिरका कापून पाहावा.