कंपनीचं नाव सांगू नका

जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या आमच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात भिंतीत बसवलेला ओव्हन आहे. दादाने घराचं काम काढलं तेव्हा, २०१० साली, तो मुंबईहून मागवला होता. परदेशी बनावटीचा. किंमत ऐकून आई म्हणाली होती, "एवढ्यात दुभती म्हैस आली असती." म्हशीचं माहीत नाही, पण ओव्हनने तेरा-चौदा वर्षं इमानाने नानकटाई भाजली. मग एका डिसेंबरात दिवा लागायचा, घड्याळ चालायचं, पण आत ऊब नाही. त्याआधी दोन-तीन महिने त्याचा पंखा घरघरत होता, तिकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं.

कंपनीला फोन झाला. तक्रार क्रमांक मिळाला. आठव्या दिवशी दुसऱ्या शहरातून एक तरुण आला, येण्याचे पैसे घेतले, बॅटरीचा झोत आत मारला आणि म्हणाला, "मॉडेल बंद हो गया है, कार्ड नहीं मिलेगा." लगेच मोबाइलवर नव्या ओव्हनची एक्स्चेंज ऑफरही दाखवली. स्क्रू एकही काढला नव्हता.

"भाऊजी, तुम्ही जरा बाजारात विचाराल का?" वहिनी म्हणाल्या. मी विचारलं. शहरातल्या गोरखपूरपासून गोलबाजारापर्यंत ज्याला विचारावं, तो कंपनीचं नाव ऐकूनच मान हलवी. "बड्डे, ये तो बाहर का माल है." जबलपुरात 'बड्डे' म्हटलं की माणूस आपुलकीने बोलतोय हे खरं, पण त्या आपुलकीने ओव्हन तापत नव्हता.

चूक प्रश्नात होती, हे मला फार उशिरा कळलं. अमुक कंपनीचा ओव्हन दुरुस्त करणारा माणूस जबलपुरात नाही, इटारसीतही नसेल. पण ओव्हन म्हणजे असतं काय? एक तापणारी कॉइल, एक पंख्याची मोटर, एक थर्मोस्टॅट, दाराचं रबर आणि हे सगळं चालूबंद करणारं कार्ड. या पाचांपैकी प्रत्येकाचा जाणकार शहरात आहे, फक्त तो ओव्हनवाला म्हणून ओळखला जात नाही. "दोन किलोवॅटची कॉइल तपासून कोण देईल?" असं विचारल्यावर तिघांनी हात वर केले. त्यांतला एक तर गिझरवाला निघाला.

त्याने मीटर लावला. हिशोब शाळेतलाच आहे: २३० व्होल्टवर २००० वॅटची कॉइल धड असेल तर साधारण २६ ओहम दाखवायला हवी. आमची काहीच दाखवेना, म्हणजे आतून तुटलेली. कार्डाला धक्काही लागला नव्हता. मग त्याने पंखा बोटाने फिरवून पाहिला. तो जड होता. या प्रकारच्या ओव्हनमध्ये कॉइल पंख्याभोवती बांगडीसारखी बसते, तिची उष्णता वाऱ्याने पसरायची असते. पंखा मंदावला की ती उष्णता जागच्या जागी साठते आणि कॉइल स्वतःलाच जाळते. म्हणजे नुसती कॉइल बदलली असती, तर पुढच्या नाताळापर्यंत तीही गेली असती.

कंपनीच्या नावाला चिकटून राहण्यात आणखी एक गंमत आहे. बॉश आणि सीमेन्स या दोन जर्मन नावांची घरगुती यंत्रं १९६७ पासून एकाच संयुक्त कंपनीत तयार होत आली. सीमेन्सचा वाटा बॉशने २०१५ मध्ये विकत घेतला. त्यामुळे दोन वेगळ्या नावांच्या डिशवॉशरमध्ये तोच पंप निघू शकतो. खरी ओळख दारावरच्या चकचकीत अक्षरांत नसते, ती आतल्या पट्टीवर असते. ओव्हनची पट्टी दार उघडल्यावर चौकटीवर सापडते, डिशवॉशरची दाराच्या कडेला, फ्रीजची बहुधा भाजीच्या खणाजवळ, चिमणीची जाळी काढल्यावर. या जर्मन यंत्रांच्या पट्टीवर 'एफडी'नंतर चार अंकी आकडा असतो. पहिल्या दोन अंकांत २० मिळवले की बनावटीचं वर्ष निघतं: ९२ असेल तर ११२, म्हणजे २०१२. पुढचे दोन अंक महिना. पट्टीचा स्वच्छ फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराला तोच लागतो, तुमच्या ओव्हनचं कौतुक नाही.

परदेशी यंत्र बिघडलं आणि दुरुस्त करणारा मिळेना, ही रड जुनी आहे. तिच्यातूनच 'सुमीत' जन्मला. मुंबईत सीमेन्समध्ये इंजिनिअर असलेल्या सत्यप्रकाश माथुर यांच्या घरी पत्नी माधुरी यांच्याकडे ब्राउनचा जर्मन मिक्सर होता. आपल्या वाटणापुढे त्याची मोटर जळली आणि ती भारतात नीट करून मिळेना. माथुरांनी आपल्या मसाल्याला पुरून उरेल अशी मोटर स्वतःच आखायला घेतली, आणि १९६३ मध्ये त्यासाठी कंपनी निघाली. पुढे कित्येक घरांत मिक्सर म्हणजे सुमीत असं झालं. मला यात आवडतं ते हे, की माथुरांनी मिक्सर पाहिला नाही, मोटर पाहिली.

आणि मोटर पाहणारे हात जबलपुरात कमी नाहीत. १९०४ ची गन कॅरेज फॅक्टरी, १९४२ ची खमरियाची आयुध निर्माणी, १९६९ ची व्हेइकल फॅक्टरी: तीन-तीन पिढ्या इथे लेथवर उभ्या राहिल्या. निस्सानच्या एका जपानी गाडीला याच गावाच्या नावातून 'जोंगा' हे नाव पडलं. कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर रांझीत घराच्या पुढच्या खोलीत छोटा लेथ टाकून बसलेला दिसतो. चिमणीच्या पंख्याचा झिजलेला बुश त्याला दाखवा. तो कंपनी विचारत नाही, माप विचारतो.

मोटरी बांधणारे वाइंडिंगवाले गल्लोगल्ली आहेत, त्याचं श्रेय इथल्या मे महिन्याला. कूलरशिवाय इथे कुणाचं भागत नाही आणि कूलरच्या मोटरी जळतच असतात. म्हणूनच चिमणीची किंवा ओव्हनची मोटर थंडीतच न्यावी. मार्च संपला की त्यांच्या दारात कूलरच्या मोटरींची रास लागते आणि तुमची नाजूक जर्मन मोटर त्या राशीत तळाला जाते. चिमणी नुसती गुंगुं करत असेल आणि वीज बंद करून पातं हाताने फिरवल्यावर सहज फिरत असेल, तर बऱ्याचदा मोटरही जळलेली नसते, कंडेन्सर दमलेला असतो. शे-दोनशेचं काम.

कार्डाची गोष्ट जरा वेगळी. कंपनीचा माणूस कार्ड उघडत नाही, बदलतो, आणि बदलायला नसेल तर यंत्र मेलं म्हणून जाहीर करतो. पण कार्डात बहुतेक वेळा मरतात ते स्वस्त भाग: फुगलेला कपॅसिटर, चिकटलेला रिले, किंवा व्होल्टेज उसळल्यावर स्वतः जळून बाकीच्यांना वाचवणारी व्हॅरिस्टरची चकती. मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये कॉम्प्युटर-मोबाइलची दुकानं दाटीने आहेत. तिथे भिंग लावून काम करणाऱ्याला कार्ड ओव्हनचं की टीव्हीचं याने फरक पडत नाही. मात्र काढण्याआधी प्रत्येक वायरीचा फोटो घ्यावा, आणि यंत्र नाही, फक्त कार्ड न्यावं. तुटलेला नॉब, दाराची बिजागरी असलं काही हवं असेल तर गुरंदीच्या जुन्या बाजारात एक सकाळ घालवावी. मिळेलच असं नाही, पण सकाळ वाया जात नाही.

दोन ठिकाणी मात्र जुगाड नको. मायक्रोवेव्हच्या आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा दाब धरून ठेवू शकतो, यंत्र चालताना तो दाब दोन हजार व्होल्टच्या आसपास असतो. ज्याला तो आधी रिकामा करायचा हे ठाऊक नाही, त्याला झाकण उघडू देऊ नये. दुसरा फ्रीज. नव्या फ्रीजमध्ये आर ६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. आपल्या सिलिंडरमधल्या वायूचाच तो भाऊ, तसाच पेटणारा. तो भरायचा अगदी थोडा, बहुधा शंभर ग्रॅमच्या आत, आणि तोही तोलून. वजनकाटा न आणता "अंदाज से डाल देंगे" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावं. माझी एकूण कसोटीही अशीच आहे: पिशवीतून आधी मीटर निघतो की पाना? पाना आधी निघाला की मी सावध होतो.

कायदा काय म्हणतो, असं दादा विचारतो, कारण तो वकील आहे. युरोपात २०२१ पासून फ्रीज आणि डिशवॉशर बनवणाऱ्यांना ठरावीक सुटे भाग ७ ते १० वर्षं मिळत राहतील अशी सोय ठेवावी लागते. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, पोर्टल सुरू केलं. घरगुती यंत्रं त्यात येतात. सुटे भाग कुठे, सेवा केंद्र कुठे, हे कंपन्यांनी तिथे सांगायचं. पण भाग किती वर्षं ठेवायचे याचं बंधन नाही. तक्रारीला १९१५ हा क्रमांक आहे, तो वापरावा. चौदा वर्षांच्या ओव्हनसाठी त्याचा किती उपयोग, हे दादाने मला विचारलं नाही.

आमची कॉइल गिझरवाल्याने जुनीचा साचा काढून नागपूरहून बनवून आणवली. मोटर गेली अधारतालच्या एका वाइंडिंगवाल्या चाचांकडे. त्यांनी कोळसा झालेली तार उलगडताना एकेक वेढा मोजला, मायक्रोमीटरने तारेची जाडी घेतली आणि नव्या तारेने मोटर बांधली. बंद करण्याआधी झाकणाच्या आतल्या बाजूला काळ्या मार्करने दोन आकडे आणि तारीख लिहिली. "हे कशाला?" मी विचारलं. पुढच्या वेळी मोजायला लागू नये म्हणून, ते म्हणाले. झाकण पूर्ण फिरवलं तेव्हा दिसलं, कोपऱ्यात आधीपासून पेन्सिलने काहीतरी खरडलेलं होतं. रोमन अंक होते, परदेशातल्या कुणा कामगाराच्या हातचे असावेत. चाचांनी ते पुसले नव्हते, आपले आकडे त्यांच्याखाली लिहिले होते.