धरणातली शिडाची होडी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिडाची होडी म्हटली की मालवण, रत्नागिरी, फार तर अलिबाग. चौसाळ्याच्या माणसाचा तिच्याशी काय संबंध? पहिला गैरसमज हाच. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूरने शिडाच्या होडीत रौप्यपदक मिळवलं. ती मध्य प्रदेशातल्या देवासची, आणि घडली भोपाळच्या बड्या तलावावर. हैदराबादच्या हुसेनसागरावर वर्षानुवर्षं शर्यती होतात, खडकवासल्याला एनडीएचे छात्र शीड हाताळायला शिकतात. समुद्र यातल्या एकाही गावाला नाही. चौसाळ्याहून बीडला जाताना पालीचं बिंदुसरा धरण लागतं, केज तालुक्यात धनेगावला मांजरा आहे, पलीकडे माजलगाव.

मोठी होडी सुरक्षित, हा दुसरा समज. सुहेली ही सागवानी होडी मुंबईत बांधली गेली, लांबी जेमतेम ३२ फूट. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून आले. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती गोव्यात बांधलेल्या ५६ फुटी म्हादेईतून. केवळ लांबीवरून होडीची सुरक्षितता ठरत नाही. आपल्या धरणासाठी सव्वाचार मीटरच्या आतली होडी भरपूर झाली. आयएलसीए जातीच्या होडीचा सांगाडा ४.२३ मीटरचा आणि ५९ किलोचा, दोघं मिळून उचलतात. लहान मुलांची ऑप्टिमिस्ट तर २.३ मीटर लांब, वजन ३५ किलो.

वजनावर इतका भर देण्याला कारण आहे. आपल्याकडे धरणाचा काठ एका जागी राहत नाही. २०१६ मध्ये मांजरा कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. बऱ्या वर्षीही उन्हाळ्यात पाणी मागे सरतं आणि उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेरा होतो. जी होडी चिखलातून उचलून पाण्यापर्यंत नेता येत नाही, ती घेऊ नका.

शिडाची होडी वारा नेईल तिकडेच जाते, असंही सर्रास ऐकू येतं. वाऱ्याच्या थेट तोंडावर ती जात नाही हे खरं. पण त्याच्याशी साधारण ४५ अंशांचा कोन धरून, कधी डावीकडे कधी उजवीकडे, नागमोडी चढत वाऱ्याच्या उगमाकडेही जाता येतं. हे साधतं ते तळातून पाण्यात उतरणाऱ्या फळीमुळे. ती होडीला आडवं सरकू देत नाही.

आणि निवड करताना माझ्या मते सगळ्यात आधी पाहावी ती ही फळीच. तिच्या दोन जाती. डॅगरबोर्ड वरून सरळ खाली सरकवतात. सेंटरबोर्ड बिजागरीसारखी खिळ्यावर फिरते. धरणाच्या पाण्याखाली बाभळीची खुंटं असतात, जुन्या विहिरींचे कठडे असतात, शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप आणि केबल असतात. डॅगरबोर्ड खुंटाला धडकली की होडी जागच्या जागी थांबते, फळी किंवा तिची खाच फुटू शकते. सेंटरबोर्ड धक्का बसताच मागे वर उचलली जाते. आयएलसीए आणि ऑप्टिमिस्ट दोन्हींना डॅगरबोर्ड आहे, म्हणून त्या खोल, मोकळ्या पाण्यातच न्याव्यात. काठाकाठाने हिंडायचं असेल तर सेंटरबोर्डची एंटरप्राइझ बरी. ती दोघांची होडी आहे, त्यामुळे शिकणाऱ्याबरोबर जाणता माणूसही बसतो. केबलजवळ मात्र कुठलीच होडी नेऊ नये.

मोठं शीड म्हणजे चांगली होडी, असंही नाही. आयएलसीएच्या एकाच सांगाड्यावर ४.७, ५.७६ किंवा ७.०६ चौरस मीटरचं शीड चढतं. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला मधलं पुरतं. इथे आपल्या भागाची एक अडचण आहे. बालाघाटावर वारा जोराचा असतो तो जून ते ऑगस्टमध्ये, तेव्हा धरण बहुधा अर्धंमुर्धं. धरण भरतं पावसाळा सरता सरता, तोवर वारा मंदावलेला असतो. म्हणून हलकी आणि मंद वाऱ्यातही सरकणारी होडी इथे जास्त दिवस वापरात राहील. वैशाखातल्या वळवाच्या दिवसांत आभाळ भरून आलं की कोणतीच होडी पाण्यात नको.

उलटते ती होडी वाईट, हा समज काढून टाका. लहान शिडाची होडी उलटणारच, हे धरूनच ती बनवतात. तिच्यात हवा कोंडलेली असते, त्यामुळे ती बुडत नाही. तळाच्या फळीवर उभं राहून वजन टाकलं की ती पुन्हा सरळ होते. विकत घेण्याआधी हे स्वतः करून पाहावं. विहिरीत पोहायला शिकलेला पट्टीचा पोहणारा असला तरी लाइफ जॅकेट हवंच. शिडाखालचा आडवा दांडा डोक्याला लागला तर पोहणं उपयोगी पडत नाही.

ही धरणं पिण्याच्या पाण्याची आहेत, तेव्हा आधी जलसंपदा विभागाकडे परवानगीची चौकशी करावी. होडी काठावर जुळवताना वर पाहावं. डोलकाठी ॲल्युमिनियमची असते, आयएलसीएची सहा मीटरच्या आसपास, आणि शेतातल्या विजेच्या तारा कित्येक ठिकाणी त्याहून खाली लोंबलेल्या असतात.